एकाच माईकभोवती पाच जण: छोट्या हॉलमधला इंडी-फोक शो

शनिवारी या इंडी-फोक बँडला (म्हणजे लोकसंगीताच्या वळणाची स्वतःची नवी गाणी करणाऱ्यांना) पहिल्यांदा समोर बसून ऐकलं आणि अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. हॉल एवढासा, खुर्च्या जेमतेम 80, स्टेज वीतभर उंच, आणि मी दुसऱ्या रांगेत, म्हणजे गिटारवाल्याची बोटं तारेवरून सरकताना जो बारीक चिर्र आवाज होतो ना तोसुद्धा ऐकू येत होता. दोन वर्षं यांची गाणी हेडफोनवर ऐकतेय, आणि तरी बँजो आणि मँडोलिन ही दोन तंतुवाद्यं एकमेकांशी इतकं बोलतात हे मला शनिवारी कळलं.

आधी जे खटकलं ते. पहिली तीन गाणी डबल बेस (उभं धरून वाजवायचं, खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) नुसता घुमत होता आणि शब्द त्याच्याखाली दबत होते. छोट्या हॉलमधे हे होतं, साउंडचेक रिकाम्या खुर्च्यांसमोर होतो आणि मग माणसं भरली की अंगावरच्या कपड्यांत वरचे सूर शोषले जातात, खालचे मात्र तसेच राहतात. पण साउंडवाला जागा होता, चौथ्या गाण्यापर्यंत त्याने बेस खाली आणला आणि एकदम पडदा बाजूला केल्यासारखं सगळं स्वच्छ झालं.

दर दोन गाण्यांनी मँडोलिन परत सुरात लावणं चालू होतं, मागे कोणीतरी कंटाळून उसासे टाकत होतं, पण त्याला इलाज नाही हो, 8 तारा असतात त्याला, 4 जोड्या, जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लागतात, आणि खोली तापली की तारा उतरतात, त्यात जोडीतली एक जरी केसभर हलली तरी सूर थरथरायला लागतो. मँडोलिनवाला घाई न करता लावत राहिला आणि गायिका तोवर गाण्याबद्दल साधं सरळ बोलत राहिली. मला ते फार आवडलं.

आणि मग ते शेवटून तिसरं गाणं!! सगळे माईक बंद, मधोमध एकच कंडेन्सर माईक (बारीक आवाजही टिपणारा संवेदनशील माईक), आणि पाचही जण त्याच्याभोवती गोळा झाले. रेडिओवर थेट कार्यक्रम व्हायचे त्या काळात असंच वाजवायचे. यात आवाज कमी-जास्त कोणी बटणावर करत नाही, ज्याची पाळी तो पुढे सरकतो, बाकीचे मागे होतात, माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबल उतरतो, म्हणजे अर्धं पाऊलसुद्धा चुकवून चालत नाही. बँजोवाली पुढे आली, चार ओळी वाजवून मागे गेली, तिच्या खांद्यावरून मँडोलिनवाला आत आला, डबल बेसवाला मागे आपला झाडासारखा उभा, आणि कोणी कोणाला धडकलं नाही, डोळ्यांनीच चाललं होतं सगळं. शेवटच्या ओळीवर तिघांनी सूर धरला, अजिबात न हलवता, आणि एका क्षणी ते तीन आवाज असे जुळले की कुठला कोणाचा ते सांगता येईना, अंगावर काटा आला माझ्या. आत्ता लिहितानाही येतोय.

मोठ्या मैदानातल्या शोमधे हे जमणं अवघड, एवढा नाजूक आवाज तिथे पन्नासाव्या रांगेपर्यंत नेणं सोपं नाही. त्यामुळे हा बँड ऐकायचा तर अशाच जागेत ऐका, आणि बसा मधल्या खुर्च्यांवर, कडेला बसलात तर एकाच बाजूचा स्पीकर कानावर येतो.

हॉलवाल्यांना एकच कळकळीची विनंती, मागच्या दाराच्या बिजागरीत तेल घाला. त्या एका माईकवाल्या गाण्यात ते दार तीनदा करकरलं, आणि तिसऱ्यांदा नेमकं त्या शेवटच्या सुरावर.