मंगळवेढ्याची ज्वारी की देशभराच्या पोत्यातला गहू?

रोजच्या एका जेवणासाठी ज्वारी थेट शेतकऱ्याकडून वर्षाची भरायची की गहू रेशन-दुकानातून महिन्याचा आणायचा, एवढाच प्रश्न आहे.

गव्हाची बाजू आधी. सरकारी खरेदी, गोदामं आणि रेल्वे यांच्या साखळीमुळे दुष्काळातही धान्य पोचतं. १९७२ साली इथली ज्वारी करपली तेव्हा बाहेरून आलेल्या धान्यावरच माणसं तगली. शिवाय ‘जवळचं म्हणजे कमी इंधन’ हे नेहमी खरं नसतं. अर्धा भरलेला टेम्पो दोनशे किलोमीटर पळवला, तर किलोमागे डिझेल पंजाबहून आलेल्या मालगाडीपेक्षा जास्तही जळू शकतं.

खटकतं ते दुसरंच. पंजाबात भूजल वाचवायला २००९ च्या कायद्याने भातलावणी जूनमध्ये ढकलली. त्यामुळे कापणी लांबते, गव्हाच्या पेरणीला दोन-तीन आठवडेच उरतात आणि हार्वेस्टरने मागे सोडलेला पेंढा पेटवला जातो. मध्य प्रदेशातला बराचसा गहू सोयाबीनच्या मागून येतो, त्याचं गणित वेगळं. पण पोत्यात कुठला गहू आहे, हे विचारायला समोर कुणीच नसतं! माझं मन ज्वारीकडे झुकलं ते यामुळे.

रब्बीची मालदांडी जातीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की बहुतेक जमिनीतल्या ओलीवर निघते. कडबा जाळत नाहीत. तो जनावरांना जातो किंवा विकला जातो, आणि कित्येकदा शेतकऱ्याचा हिशेब त्यावरच जुळतो. २०२४-२५ चा मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये होता, पण गव्हासारखी हुकमी सरकारी खरेदी ज्वारीला नाही. थेट घेतली तर आडत, हमाली, तोलाई टळते. त्यातला वाटा शेतकऱ्याला द्यावा. नाहीतर ती फक्त आपली काटकसर.

त्रास साठवणीचा. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत दोन-तीन उन्हं द्यावीत आणि गार झाल्यावरच कोठीत भरावा. गरम भरला तर आत घाम सुटून बुरशी धरते. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवूनच घालावा. ओल राहिली की सोंडे झालेच. पीठ आठवड्यापुरतंच दळावं, शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना मोडते.

चौघांना रोज आठ भाकरी धरल्या तर वर्षाला साधारण पावणेदोन क्विंटल लागते. एकट्याने टेम्पो करू नये, आठ-दहा घरांनी मिळून मार्च-एप्रिलात एकदाच आणावी. ज्यांचं घर रेशनवर चालतं त्यांनी कार्ड मुळीच सोडू नये. वर्षाचे पैसे एकरकमी काढणं प्रत्येकाला जमेलच असं नाही, त्यांनी दोन-तीन महिन्यांपुरतीच भरावी.