जुना पोल सावरायचा की नवा घ्यायचा? काचा धुण्याच्या वॉटर-फेड पोलचा तुलनात्मक आढावा

वॉटर-फेड पोल म्हणजे एकात एक सरकणाऱ्या ट्यूबचा, म्हणजे सेक्शनचा, लांब दांडा. आतल्या नळीतून शुद्ध पाणी टोकाच्या ब्रशपर्यंत चढतं आणि खाली उभं राहून उंचावरच्या काचा धुता येतात. सेक्शन जागच्या जागी पकडणारा क्लॅम्प घसरायला लागतो, ब्रश वर हेलकावे खातो, संध्याकाळी खांदा भरून येतो, आणि मग कार्बनचा नवाकोरा पोल डोळ्यांसमोर तरळू लागतो. मी रोज पोल धरून काम करतो, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. पोलच्या बहुतेक तक्रारी क्लॅम्प, नळी, जेट (ब्रशवरची पाणी सोडणारी तोटी) आणि ब्रश या चार जागी निघतात, आणि या चारही गोष्टी सुट्या बदलता येतात. अख्खा पोल बदलायला माझ्या लेखी दोनच कारणं पुरेशी आहेत. एक तर ट्यूबच दुखावलेली असावी, किंवा तुमच्या रोजच्या कामाची उंची बदललेली असावी.

दुखणं आधी शोधा

सगळ्यात जास्त बदनाम होतो तो क्लॅम्प. तो घसरला की हात आपसूक स्क्रूकडे जातो. मीही एकदा असाच आवळत गेलो आणि तिसऱ्या सेक्शनच्या तोंडाशी बोटभर उभी चीर पडली. खरं कारण होतं दोन सेक्शनच्या मध्ये अडकलेली बारीक माती. तेव्हापासून आधी धुणं, मग स्क्रू. सगळे सेक्शन वेगळे करायचे, आतून-बाहेरून साध्या पाण्याने धुवायचे आणि सुती फडकं मुठीत धरून त्यातून एकेक सेक्शन ओढायचा. पोल कार्बनचा असेल तर फडक्यावर काळा पट्टा उमटतो. तो नुसता मळ नसतो, झिजलेल्या ट्यूबची भुकटीही त्यात असते. आत शिरलेली वाळू तिला पॉलिश पेपरसारखी घासत असते. पट्टा दर वेळी गडद येत असेल तर धुणं वाढवा. तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका, कारण त्यावर धूळ बसते आणि क्लॅम्पची पकड जाते. धुतलेला पोल सावलीत उभा करून निथळू द्या. सततच्या उन्हाने ट्यूबमधले धागे धरून ठेवणारं रेझिन हळूहळू खराब होतं.

ट्यूब स्वच्छ आणि कोरडी असूनही क्लॅम्प घसरत असेल तर क्लॅम्प बदलायला झाला आहे. चिकटवलेला क्लॅम्प नुसता सुटला असेल तर जुना गोंद खरवडून, जागा हलकी घासून, अल्कोहोलने पुसून दोन भागांच्या एपॉक्सीने पुन्हा बसवता येतो. एपॉक्सी पक्कं व्हायला पूर्ण एक दिवस द्या. कार्बन कधीही कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, मास्क आणि हातमोजे घाला. त्याची कुसळं बोटात शिरली की दिसत नाहीत आणि दिवसभर सलत राहतात. क्लॅम्पचे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असू द्या. ओलाव्यात कार्बनला ॲल्युमिनियम टेकून राहिलं की ॲल्युमिनियम गंजतं आणि पांढरी भुकटी धरतं.

आता ट्यूब तपासा. एक नाणं घ्या आणि सेक्शनवर टोकापासून टोकापर्यंत टकटक करत जा. धड ट्यूब खणखणीत वाजते. आतले थर सुटले असतील तिथे आवाज बोदा येतो. असा बोदा आवाज मधोमध आला तर तो सेक्शन कामातून काढा. चीर अगदी तोंडाशी असेल तर तेवढा तुकडा कापून क्लॅम्प नव्याने बसवता येतो, थोडी लांबी जाते इतकंच. सुटा सेक्शन घ्यायचा असेल तर त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलचा घ्या. दोन सेक्शनमधली फट इतकी बारीक असते की दुसऱ्याचा बसला तरी डुगडुगतो किंवा अडकतो.

कशाचा पोल कुणासाठी

ॲल्युमिनियम पटकन बाजूला ठेवतो. पहिल्या मजल्यापलीकडे तो जड पडतो, आणि एकदा पिचला की सेक्शन सरकणंच बंद होतं.

खरी निवड असते ग्लास फायबर, हायब्रिड आणि कार्बन यांच्यात. कार्बन वजनाला फार हलका असतो अशी समजूत आहे, पण आकडे थोडं वेगळं सांगतात. एका घनसेंटिमीटरला ग्लास फायबरच्या ट्यूबचं वजन साधारण 1.9 ग्रॅम भरतं आणि कार्बनच्या ट्यूबचं साधारण 1.6. म्हणजे फरक फार नाही. मोठा फरक आहे तो ताठपणात. नेहमीचा कार्बन धागा काचेच्या धाग्यापेक्षा तिपटीहून अधिक ताठ असतो, त्यामुळे तेवढंच काम ट्यूबच्या पातळ भिंतीत भागतं आणि वजन उतरतं. म्हणून बुटक्या पोलमध्ये कार्बनचा फायदा हाताला फारसा जाणवत नाही. उंची वाढली की तो झपाट्याने जाणवतो, कारण ग्लास फायबरचा पोल लवायला लागतो आणि लवणारा ब्रश काचेवर टेकवून ठेवण्यातच निम्मी ताकद जाते.

ताठपणा ट्यूबच्या व्यासावरही ठरतो. ट्यूबची भिंत तेवढीच ठेवून व्यास 10 टक्के वाढवला तर ताठपणा सुमारे 33 टक्के वाढतो. त्यामुळे नावापुढे कितीही भारी कार्बन लिहिलेला असो, बारीक ट्यूबचा पोल वर गेल्यावर डोलणारच. मात्र फार जाड ट्यूब लहान पंज्यात मावत नाही आणि मनगट दुखतं, हेही तितकंच खरं.

ग्लास फायबरचा एक मोठा गुण मला सांगायलाच हवा. तो मुका नाही. मार बसला की त्या जागी पांढुरका डाग दिसतो. कार्बन आतून तडकला तरी वरून काळाभोर आणि नीट दिसतो. हाय मॉड्युलस कार्बन तर आणखी ताठ आणि त्यामुळे आणखी ठिसूळ. कठड्यावर आपटणं, गाडीतून खाली पडणं त्याला सोसत नाही. पोल दोन-तीन जणांच्या हातात फिरत असेल तर मी हाय मॉड्युलस घेणार नाही. हायब्रिड म्हणजे दोन्ही धागे मिसळलेली ट्यूब. दुसऱ्या मजल्यापर्यंतच काम असेल तर ती पुरते.

वीज हा मुद्दा निवडीत धरायचाच. कार्बन आणि ॲल्युमिनियम दोन्हींतून वीज वाहते. कोरडा, स्वच्छ ग्लास फायबर वाहू देत नाही, पण कामावरचा पोल कोरडा आणि स्वच्छ कधीच नसतो. त्यामुळे कुठलाही पोल असो, उभारण्याआधी वर पाहा आणि विजेच्या तारा असतील तिथे पोल उघडूच नका.

कमी खर्चात जास्त आराम

पोल न बदलता काम हलकं करायचं असेल तर टोकाकडे बघा. पोल कलला की 10 मीटरवरचे 100 ग्रॅम तुमच्या हातापासून मीटरभर अंतरावर टांगलेल्या एका किलोइतके ओढतात. जड ब्रश काढून हलका लावला की जुना पोलही नव्यासारखा वाटतो. मी हा बदल सगळ्यात आधी करेन. ब्रशचे केस फिस्कटले असतील तर तसाही तो बदलायलाच झालेला असतो, कारण तो मळ उचलण्याऐवजी काचेवर नुसता घसरतो.

आतल्या नळीचंही तसंच. 6 मिमी आतल्या व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे 28 ग्रॅम पाणी असतं, 5 मिमीच्या नळीत सुमारे 20 ग्रॅम. 10 मीटरला 80 ग्रॅम वाचतात. पण बारीक नळीत दाब जास्त खर्च होतो, आणि 10 मीटर उंची चढायलाच जवळपास 1 बार लागतो. पंप कमजोर असेल तर जेटमधून धार नीट येणार नाही. तेव्हा नळीआधी पंप तपासा. जेट तुंबलं असेल तर सुईने मोकळं करा.

काचेवर ठिपके उरत असतील तर पोल बदलून काहीच होणार नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर लावा. आकडा 0 हवा. तो 10 पीपीएमकडे (दहा लाख भागांत 10 भाग) सरकला की पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधलं रेझिन बदला.

नवा घ्यायचाच ठरला तर

सर्वांत उंच इमारत डोळ्यांपुढे ठेवून पोल घेऊ नका. महिन्यातून एकदा लागणाऱ्या उंचीसाठी रोज चार जादा सेक्शन उचलत राहाल. दिवसाचा मोठा भाग ज्या उंचीवर जातो तिच्यासाठी चांगला कार्बन घ्या आणि वरच्या उंचीसाठी खाली जोडायचे वेगळे सेक्शन ठेवा. जुना ग्लास फायबर धड असेल तर विकू नका. तळमजल्याला आणि अडचणीच्या जागी तोच बाहेर काढा, महागडा पोल तिथे उगाच घासला जातो.

आणि दुकानात कोरडा पोल उचलून बघू नका, तो हलकाच लागणार. तुमचा ब्रश लावा, नळी पाण्याने भरा, रोजच्या उंचीपर्यंत उघडा आणि भिंतीपासून दोन पावलं मागे उभं राहून पाच मिनिटं वर-खाली फिरवा. मग उजव्या हाताने थांबवून बघा, टोक किती वेळ डोलत राहतं ते.