मनगटातलं कॅल्शियम "ओढून काढतो" म्हणणाऱ्यांपासून सावध रहा (नाशिक)

नाशिककर मंडळी, ज्यांचे आई-वडील दिवसा घरी एकटे असतात त्यांनी हे नीट वाचा. माझ्या आईचे 68 हजार रुपये गेलेत, आणि हीच पद्धत गुडघा, कंबर, मान सगळ्यासाठी वापरतात.

आईचं उजवं मनगट करंगळीच्या बाजूने एका रात्रीत सुजलं, लाल, गरम, चादर लागली तरी ओरडायची. आम्हाला वाटलं आत पू झालाय नाहीतर युरिक अॅसिड वाढलंय. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर हाडाशेजारी कापसासारखा पांढरा डाग, टेंडनमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागात) कॅल्शियम साठलंय म्हणाले. सुजेच्या गोळ्या, बर्फ, स्प्लिंट, दोन-तीन आठवड्यांत बराच फरक पडेल, घाबरू नका.

आई सकाळी गोल्फ क्लबवर चालायला जाते. तिथे हातातलं स्प्लिंट बघून एक चांगल्या घरची वाटणारी बाई जवळ आली, "काकू, माझ्या सासूबाईंना अगदी हेच झालेलं, डॉक्टर तर ऑपरेशनच म्हणत होते, एका वैद्यांनी बसल्या जागी सगळं काढलं". नंबर लगेच दिला नाही हं, आईने स्वतःहून मागेपर्यंत थांबली. मी सातपूरला ड्युटीवर असताना तो माणूस घरी आला.

फी काही नाही, फक्त जेवढे थेंब निघतील तेवढ्याचे, थेंबाला 4 हजार, दोन-तीन निघतील म्हणाला. मग ब्लेडने बारीक चिरे, त्यावर पितळी नळी, तोंडाने ओढायचं आणि वाटीत थुंकायचं, पिवळट पांढरं काहीतरी. 17 थेंब! मध्येच थांबलो तर विष अंगभर पसरेल अशी भीती घातली. घरात होते तेवढे घेतले आणि उरलेल्यासाठी आईला स्कूटरवर बसवून बँकेत नेलं.

हे कॅल्शियम कातडीखाली मोकळं पडलेलं नसतं, ते टेंडनच्या आत असतं, हाडात असतं त्याच प्रकारचं, ते वरवरच्या चिऱ्यातून ओढून येणं शक्यच नाही. वाटीतलं जे काही होतं ते नळीत नाहीतर त्याच्या तोंडात आधीपासून होतं.

पण आईचा हात खरंच बरा झाला, आणि म्हणूनच ती अजूनही त्या माणसाला पूर्ण खोटं म्हणत नाही. डॉक्टरांनी समजावलं ते प्रत्येकाने लक्षात घ्या. हा साठा कित्येकदा काहीही न दुखता पडून असतो, आणि शरीर तो स्वतः शोषून घ्यायला लागतं तेव्हा अचानक भयंकर ठणकतो. म्हणजे दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हाच ते बहुतेक वेळा जायच्या वाटेवर असतं, आणि नेमका त्याच वेळी माणूस घाबरून कुणाचंही ऐकतो, मग बरं वाटलं की श्रेय त्या नळीवाल्याला. पुढच्या एक्स-रेमध्ये डाग पुसट होतो तोसुद्धा यामुळेच.

जाताना त्याने दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायला सांगितलं, आईने केल्याही. खाण्यातल्या कॅल्शियममुळे हे होत नाही, आणि या वयात हाडं ठिसूळ होत असताना ते बंद करणं म्हणजे नवीन दुखणं ओढवून घेणं. मला पैशांपेक्षा याचा जास्त राग आलाय.

पोलिसात तक्रार दिलीय. तुमच्या घरी असं झालं असेल तर आई-वडिलांवर ओरडू नका, ते लपवतात आणि त्यात वेळ जातो. तेच ब्लेड, तीच नळी किती जणांना लावली असेल देव जाणे, त्यामुळे त्याच दिवशी सिव्हिलला किंवा आपल्या डॉक्टरांकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन, हेपॅटायटिस-बी आणि एचआयव्हीबद्दल विचारा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या लागल्याच तर त्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. आईने आम्हाला सांगितलं तोपर्यंत ती वेळ निघून गेली होती, आता तिच्या तपासण्या चालू आहेत.