प्रिंटरवरून जाणारा ई-मेल: टीएलएस, पासवर्डची पीडीएफ की एस-माइम?

नागपुरात रामदासपेठेतील सीएंचे कार्यालय असो, धंतोलीतील रुग्णालयाचा बिलिंग विभाग असो वा सिव्हिल लाइन्समधील वकिलांची कचेरी, कागद स्कॅन करून प्रिंटरवरूनच थेट ई-मेलने पाठवण्याची पद्धत सर्वत्र रुळली आहे. हा मेल सुरक्षित करण्याचे तीन मार्ग आहेत आणि त्यांतला कोणता घ्यावा, हे मुख्यतः पलीकडे तो कोण आणि कशावर उघडणार यावरून ठरते.

टीएलएस, म्हणजे मेल ज्या जोडणीवरून जातो तीच सांकेतिक करणारी पद्धत, सर्वांत सोपी आहे. प्रिंटरमध्ये मेल सर्व्हरची सेटिंग करताना, बहुधा ५८७ क्रमांकाच्या पोर्टसह (सर्व्हरच्या जोडणीचा क्रमांक), ते एकदा चालू केले की मेल घेणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. मात्र ते केवळ प्रिंटरपासून मेल सर्व्हरपर्यंतच्या वाटेचे रक्षण करते. सर्व्हरवर आणि मेलबॉक्समध्ये मजकूर उघडाच राहतो. टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या, त्यामुळे जुने यंत्र तेवढ्यावरच चालत असेल तर त्याचे फर्मवेअर (यंत्रातले अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत होते का, हे आधी पाहावे.

पासवर्ड लावलेली पीडीएफ कोणत्याही मोबाइलवर उघडते, हा तिचा मोठा गुण. मेलचा विषय आणि फाइलचे नाव मात्र झाकले जात नाही. शिवाय पॅन क्रमांक किंवा जन्मतारीख हाच पासवर्ड ठेवण्याची आपल्याकडची सवय आणि तो लगेच दुसऱ्या मेलने कळवण्याची घाई, यांमुळे कुलूप बरेचसे नावापुरते उरते. पासवर्ड फोनवर सांगावा.

एस-माइम ही मेलच सांकेतिक करण्याची पद्धत. तिच्यात मेल घेणाऱ्याचे प्रमाणपत्र (त्याची ओळख आणि सार्वजनिक कळ असलेली डिजिटल फाइल) प्रिंटरच्या ॲड्रेस बुकमध्ये आधी साठवावे लागते आणि मग मजकूर व जोडलेली फाइल केवळ त्याच्याच खासगी कळीने, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त डिजिटल किल्लीने, उघडते. आउटलुक, थंडरबर्ड, ॲपल मेल यांत ही सोय आहे. नेहमीच्या मोफत जीमेलवर मात्र न उघडणारी एक जोडफाइल तेवढी दिसते. मेलचा विषय येथेही सहसा उघडाच राहतो. प्रमाणपत्रांची मुदत संपते, ती बदलावी लागतात, आणि जुनी खासगी कळ हरवली तर जुने मेल कायमचे बंद होतात. बुटीबोरीच्या कारखान्याला रोज आपल्याच मुख्य कार्यालयाकडे कागद पाठवायचे असतील तर एवढा खटाटोप परवडतो. शंभर वेगवेगळ्या अशिलांसाठी तो माझ्या मते निरर्थक आहे.

एस-माइमने मेलवर डिजिटल सहीही करता येते, तिच्याबाबत घोटाळा अधिक होतो. प्रिंटरची सही एवढेच सांगते की मेल या यंत्राच्या प्रमाणपत्राने सही होऊन निघाला आणि वाटेत बदललेला नाही. बटण कोणी दाबले, हे ती सांगत नाही. सीए किंवा वकिलांची डीएससी (व्यक्तीच्या डिजिटल सहीचे प्रमाणपत्र) ज्या यूएसबी टोकनमध्ये असते, त्यातून खासगी कळ बाहेर काढता येत नाही, म्हणून ती प्रिंटरमध्ये भरता येत नाही. व्यक्तीची सही हवी असल्यास स्कॅन संगणकावर घेऊन पीडीएफवरच ती करावी. यंत्राचे प्रमाणपत्र स्वतःच तयार केलेले असेल तर पलीकडे इशारा झळकतो. तो टाळण्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे किंवा कंपनीचे मूळ (रूट) प्रमाणपत्र, ज्याच्या आधारे यंत्राचे प्रमाणपत्र दिले जाते, ते सर्व संगणकांवर बसवावे.

संमिश्र ग्राहकांच्या छोट्या कार्यालयाने टीएलएस आणि पासवर्डची पीडीएफ ही जोडी घ्यावी. ठरावीक पत्त्यांसाठी एस-माइम हवे असेल, तर ती सोय मूळ किमतीत आहे की तिचा वेगळा परवाना घ्यावा लागतो, हे विक्रेत्याला विचारावे आणि त्याच पत्त्यांवर चाचणी मेल उघडून पाहिल्यावरच खरेदीची ऑर्डर द्यावी.