अंगणातील खेळघर: सागवान, पाइन, प्लायवुड की बांबू?

नागपुरात घराच्या आवारात मुलांसाठी लाकडी खेळघर बांधायचे ठरले, की पहिला प्रश्न ‘लाकूड कोणते?’ हाच येतो. प्रश्न योग्य आहे, मात्र त्याचे उत्तर चित्रे पाहून नव्हे, तर आपले ऊन, आपला पाऊस आणि आपली माती पाहून द्यावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, लाकूड आकसते आणि फळ्यांमधील फटी रुंदावतात. पुढे जून ते सप्टेंबर या काळात वर्षाचा बहुतेक सगळा, म्हणजे हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तेच लाकूड फुगते. त्यातच अनेक भागांत पावसाळ्यात फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती आहे, आणि त्या मातीत वाळवी आहे.

सागवान हे या प्रदेशाचे स्वतःचे धन आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील साग बल्लारपूरच्या आगारातून देशभर जातो. अयोध्येतील राम मंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेले, तेही तेथूनच. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असल्याने वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि ऋतूंप्रमाणे आकसण्या-फुगण्याचे त्याचे प्रमाणही कमी असते. मात्र हे गुण गाभ्याचे आहेत, कडेच्या पांढरट भागाचे नव्हेत. तो भाग वाळवी आवडीने खाते. म्हणून लकडगंजच्या लाकूड बाजारात घनफुटाचा भाव विचारताना रंधा मारल्यानंतर गाभ्याचे लाकूड किती हाती राहील, हेही विचारावे. कोवळ्या झाडाचे स्वस्त सागवान या हिशेबात पुष्कळदा महाग पडते.

नव्या सागवानाऐवजी जुने घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाडलेल्या घरांच्या चौकटी, तुळया आणि दारे विकणाऱ्यांकडे मिळणारे हे लाकूड कित्येक वर्षे वाळलेले असते, त्यामुळे ते पुन्हा वाकत नाही. त्यात जुने खिळे अडकलेले असतात आणि ते एकेक करून काढल्याशिवाय आरा मशीनवर लाकूड चिरून मिळत नाही, ही त्याची खरी अडचण. त्याहून गंभीर बाब म्हणजे जुना रंग. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे आणि तो घरी कोरड्या पॉलिश पेपरने कधीही घासू नये. ती धूळ ज्या अंगणात बसते, तेथेच मुले मातीत हात घालतात.

पाइन हलके, सरळ, कापायला सोपे आणि सागवानापेक्षा बरेच स्वस्त असते, त्यामुळे स्वतः हातांनी काम करणाऱ्याला ते मोह घालते. आमच्या अंगणातले पहिले खेळघर पाइनचे होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका खांबाच्या बुडाशी मी सहज नख दाबले, तर ते ओल्या साबणात रुतावे तसे आत गेले. वरून रंग शाबूत होता. त्याच्या पापुद्र्याखाली वाळवीने मातीचे भुयार करून लाकूड आतून पोखरले होते. दोष एकट्या पाइनचा नव्हता. सुताराने खांब थेट मातीत गाडले होते आणि आम्ही ते चालवून घेतले होते. जमिनीपासून वर आणि छपराखाली राहणारे पाइन अनेक वर्षे टिकते, हे त्याच घराच्या भिंतींच्या वरच्या फळ्यांनी दाखवले. त्या आजही वापरात आहेत. परदेशी मालाच्या पॅलेटचे, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी पाटाचे, पाइन घेणार असाल, तर त्यावरचा शिक्का वाचावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले, ते चालेल, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते मुलांच्या कामी आणू नये. प्रक्रिया केलेले लाकूड म्हणून कोणी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे सीसीए मिश्रण मुरवलेले देऊ लागले, तर तेही नाकारावे. अमेरिकेतील उत्पादकांनी घरगुती वापरासाठी ते लाकूड २००३ अखेरीस बंद केले.

प्लायवुडने काम सर्वांत लवकर उरकते, पण साधा कमर्शियल प्लाय उघड्यावर एक पावसाळाही धड काढत नाही. घ्यायचाच तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्यावा आणि प्रत्येक कापलेली कड रंगाने बंद करावी, कारण पाणी पृष्ठभागापेक्षा कडेतून जास्त शिरते.

बांबूचा विचार आपल्याकडे होतो त्यापेक्षा जास्त व्हायला हवा. जंगल जवळ आहे, विणकाम जाणणारे बुरूड कारागीर आहेत, आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचे संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. बांबूच्या विणलेल्या भिंतीतून वारा खेळतो, आणि उन्हाळ्यातील संध्याकाळी खेळघर वापरण्याजोगे राहते ते त्यामुळेच. मात्र प्रक्रिया न केलेल्या बांबूला किडा लागतो आणि खाली पिवळसर पीठ सांडू लागते. बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबू घेतला तर हे टळते, परंतु ही द्रव्ये पावसाने धुऊन जातात, म्हणून छपराचे पाखे भिंतीच्या बाहेर फूटभर तरी आले पाहिजेत. चिरलेल्या बांबूच्या कडा सुरीसारख्या असतात. त्या घासून बोथट केल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

आता या चारांतून एकच निवडण्याची गरज नाही, हे एका साध्या हिशेबावरून कळते. सहा फूट बाय चार फुटांच्या, चार फूट उंच भिंतींच्या खेळघराला सांगाड्यासाठी ३ ते ३.५ घनफूट लाकूड लागते, इंचभर जाडीच्या तळफळ्यांसाठी २ घनफूट, आणि पाऊण इंची फळ्यांच्या भिंतींसाठी, दार-खिडक्यांची जागा वगळून, सुमारे ४ घनफूट. म्हणजे सर्वाधिक लाकूड भिंती खातात, आणि भिंतीच सर्वांत सहज बदलता येतात. सांगाडा व तळ जुन्या सागवानाचा आणि भिंती बांबूच्या किंवा पाइनच्या, हा मला सर्वांत शहाणपणाचा मेळ वाटतो. मुले दहा-अकरा वर्षांची झाली की आत मावेनाशी होतात. त्या सांगाड्याचा तेव्हा ओट्यावरचा बाक होतो, पाइनच्या सांगाड्याचा सहसा होत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी किंवा मूल दोन-तीन वर्षांचेच असलेल्यांनी मात्र नटबोल्टने जोडलेले, उचलून नेता येईल असे पाइनचे लहान घर करावे. त्यांच्यासाठी सागवान हा अनाठायी खर्च आहे.

कोणतेही लाकूड घेतले, तरी ते मातीला टेकता कामा नये. काळ्या मातीचा वरचा थर काढून मुरूम ठोकून भरावा, त्यावर दगडी किंवा काँक्रीटचे ठोकळे ठेवावेत आणि लोखंडी पट्ट्यांनी खांब त्यांवर बसवावेत. ठोकळे किती उंच असावेत, यावर मतभेद दिसतात. सहा इंचांची अंधारी पोकळी साप-विंचवांना आयतीच जागा देते, तर उंच मचाणावरून पडण्याचा धोका असतो. दीड फूट उंची ठेवली, तर खाली झाडू फिरतो आणि टॉर्च मारून पाहताही येते. छपरासाठी नुसता पत्रा नको, कारण तो तापतो आणि पावसात आतले बोलणे ऐकू येत नाही. पत्र्याखाली बांबूची चटई ठोकावी. जागा घराच्या पूर्वेला किंवा कडुनिंबाच्या सावलीत निवडावी, म्हणजे दुपारनंतरचे ऊन टळते.

फळ्यांमधील फट ८ मिलिमीटरपेक्षा कमी किंवा २५ पेक्षा जास्त असावी, म्हणजे बोट अडकत नाही. कठड्याच्या दांड्यांमधले अंतर साडेतीन इंचांच्या आत असावे, म्हणजे डोके अडकत नाही. मे महिन्यात काम करत असाल, तर फळ्या एकमेकींना भिडवू नयेत, तीन-चार मिलिमीटर सोडावेत, नाहीतर त्या ऑगस्टमध्ये फुगून उचलल्या जातात. लाकडाला जवसाचे तेल उत्तम. ते आपल्याकडे सहज मिळते आणि दर हिवाळ्यात पुन्हा लावता येते. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नयेत, त्या आपोआप पेटू शकतात; पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

दाराला बाहेरून कडी नको, आणि दाराची रुंदी वीस इंचांपेक्षा कमी नको. मूल आत रडत बसले, तर मोठ्या माणसाला खांदे वळवून तेथपर्यंत पोहोचता आले पाहिजे.