फक्त पंपावर दूध द्यायचंय: मुख्य पंप कोणता, जोडीला कोणता?

बाळ अंगावर ओढत नाही, किंवा तुम्हीच ठरवलंय की दूध काढून बाटलीने द्यायचं. कारण काहीही असो, पुढचा प्रश्न हाच येतो: पंप कोणता घ्यायचा? खोक्यावरची वर्णनं बहुतेक करून दिवसातून एखाद-दोनदा पंप करणाऱ्या आईसाठी लिहिलेली असतात. आपलं गणित वेगळं. मी नऊ महिने फक्त पंपावर काढले, खाली दिलेल्या सगळ्या पद्धती वापरल्या, आणि पहिल्या महिन्यात चुकीच्या पंपावर भरवसा टाकला. म्हणून हे जरा सविस्तर.

स्तनात दूध साठून राहिलं की नवं दूध तयार होण्याचा वेग मंदावतो, मोकळं होत गेलं की वाढतो. अंगावर पिणारं बाळ ही मागणी स्वतःच नोंदवत असतं. इथे ते काम मशीनचं. त्यामुळे प्रत्येक पंपाला दोनच गोष्टी विचारायच्या: छाती खरोखर मोकळी होते का? आणि चोवीस तासांत आठ वेळा, पहाटे तीनलासुद्धा, हा वापरवेल का?

वायरवाला डबल पंप की ब्रामध्ये बसणारा?

खरी घासाघीस इथेच होते. ब्रामध्ये बसणाऱ्या पंपाचा मोह मला पूर्ण कळतो. हात मोकळे राहतात, नळ्या लोंबत नाहीत, मोठ्या मुलामागे धावता येतं. पण मोटर लहान असते आणि त्या कपात स्तनाग्र नीट मध्यभागी बसलंय की नाही हे बऱ्याचदा दिसतच नाही. एकदा मी पंचवीस मिनिटांनी तो काढला, 60 मिली आलं होतं. छाती दाबून पाहिली तर बाहेरच्या बाजूला अजून टणक लागत होती. लगेच मोठा पंप लावला आणि आणखी 40 मिली आलं. ते 40 मिली रोज चार-पाच वेळा आत राहिलं, तर दूध हळूहळू आटायला लागतं, आणि आईला वाटतं आपल्याच शरीरात काहीतरी कमी आहे.

वायरवाल्या डबल पंपाला तुम्ही एका जागी बांधल्या जाता, ही त्याची मोठी अडचण. पण दोन्ही बाजूंचं एकदम निघतं, म्हणून वेळ निम्म्यावर येतो आणि एकेक बाजू काढण्यापेक्षा दूधही जास्त येतं. वेग आणि ओढ वेगवेगळी ठरवता येते: आधी हलकी, भराभर ओढ, पान्हा फुटला की सावकाश आणि खोल. शिवाय पंप चालू असताना हाताने छाती दाबता येते. 2009 मध्ये स्टॅनफर्डच्या जेन मॉर्टन यांच्या गटाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवर केलेल्या अभ्यासात पंपाला हातांची अशी जोड दिल्यावर दूध बरंच वाढलेलं दिसलं. कपाच्या पंपात हे नीट जमत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पहिले 12 आठवडे, म्हणजे दुधाचं प्रमाण स्थिरावेपर्यंत, मुख्य पंप वायरवालाच असावा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर हॉस्पिटल-ग्रेड (दवाखान्यात वापरतात तसा दणकट) पंप भाड्याने मिळतो का बघा. तो अनेकींनी वापरण्यासाठीच बनवलेला असतो, फक्त किट, म्हणजे नळ्या-बाटल्यांचे दूध लागणारे भाग, स्वतःचं हवं. ब्रामधला पंप जोडीला ठेवा, दिवसातल्या एक-दोन वेळांसाठी. घरात धावतं मूल आहे आणि त्याच्याशिवाय ती वेळ चुकणारच असेल, तर मात्र तोच लावा. चुकलेल्या वेळेपेक्षा अर्धवट निघालेलं दूध बरं.

हातपंप आणि नुसते हात

हातपंप प्रवासात आणि वीज गेल्यावर कामाचा, पण त्यावर आठ वेळा म्हणजे मनगटाची वाट. मुख्य म्हणून नको.

नुसत्या हातांना मात्र कमी लेखू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांतला चीक घट्ट आणि थेंबा-थेंबाने येतो. पंपात तो भांड्याच्या कडांनाच चिकटून राहतो. हाताने काढला तर चमच्यात किंवा सिरिंजमध्ये थेट गोळा होतो. दूध उतरल्यावरही पंप झाल्यानंतर दोन मिनिटं हाताने काढायची सवय ठेवा.

पंपापेक्षा फ्लँज

फ्लँज म्हणजे पंपाचा स्तनावर बसणारा नरसाळ्यासारखा भाग. माझ्या खोक्यात 24 मिमीचे फ्लँज आले होते आणि मी तेच वापरत राहिले. स्तनमंडलाचा, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाचा, बराच भाग नळीत ओढला जायचा, बाहेर काढल्यावर लाल वर्तुळ उमटलेलं असायचं. शेवटी पट्टीने स्तनाग्र मोजलं तर 17 मिमी. 19 चे लावले आणि दुसऱ्या दिवसापासून दुखणं गेलं. दुखलं की पान्हा अडतो, म्हणून ओढ वाढवून दूध वाढत नाही. सोसवेल त्या टोकाला नाही, तर आराम वाटेल तिथे थांबायचं.

वेळा जास्त की मिनिटं जास्त?

वेळा. वीस मिनिटांच्या आठ वेळा या चाळीस मिनिटांच्या चार वेळांपेक्षा सुरुवातीला केव्हाही सरस, कारण छाती तुंबून राहत नाही. त्यातली एक रात्री 1 ते 5 च्या दरम्यान ठेवा, तेव्हा प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं संप्रेरक, जास्त असतं. बारा आठवड्यांनंतर एकेक वेळ कमी करा आणि प्रत्येक वेळी आठवडाभर प्रमाण बघा. काहींचं पाच वेळांवर टिकतं, काहींना सात लागतात. स्तनात किती दूध साठू शकतं यावर ते ठरतं, मैत्रिणीच्या आकड्यावर नाही.

महिन्याभरानंतर सहा महिन्यांपर्यंत बाळ दिवसाला सरासरी 750 मिलीच्या आसपास पितं, काही बाळं त्याहून बरंच कमी पिऊनही छान वाढतात. तेवढं निघत असेल तर फ्रीझर भरण्यासाठी आणखी काढत बसू नका. गरजेपेक्षा जास्त काढलं की गाठी आणि स्तनदाहाचा धोका वाढतो. ताप आला, छाती लाल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि एखाद्या आठवड्यात दूध अचानक निम्म्यावर आलं, तर घाबरून जाण्याआधी पंपाचा व्हॉल्व्ह, म्हणजे चोचीसारखा छोटा रबरी भाग, उजेडात धरून बघा. दिवसात आठ वेळा वापरला की ते रबर काही आठवड्यांत सैल पडतं, चोचीची फट उघडी राहते आणि ओढ मरते. मी चार दिवस रडून काढले होते. नवे व्हॉल्व्ह बसवले आणि त्याच संध्याकाळी बाटली पूर्वीच्या रेषेपर्यंत भरली.