दहाचाकीचा एक्झॉस्ट ब्रेक: घाट उतरताना किती कामाचा?

आंबा, कुंभार्ली, करूळ, फोंडा, आंबोली. देशावरून साखर, सिमेंट, सळई घेऊन कोकणात येणाऱ्या ट्रकला यांतला एखादा घाट चुकत नाही. चढताना फार तर गाडी तापते आणि डिझेल जातं. जिवाशी खेळ असतो तो उतरताना. म्हणून नवी गाडी घेताना, किंवा जुन्या गाडीवर किट बसवायचं म्हटलं की, मालक विचारतातच: एक्झॉस्ट ब्रेकवर पैसे घालावेत का? घालावेत. फक्त गाडी थांबवण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. तो लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला घासून गाडी रोखणारे पट्टे, वाचवतो, ड्रम थंड ठेवतो आणि अचानक समोर एसटी आली तर पायाखाली ब्रेक शिल्लक ठेवतो. तेही गिअर बरोबर असेल तरच.

रचना साधी आहे. टर्बोतून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात एक बटरफ्लाय झडप असते. बटण दाबलं की हवेचा छोटा सिलिंडर ती मिटतो आणि त्याच वेळी डिझेल बंद होतं. धुराला वाट न मिळाल्याने पिस्टनना दाबाविरुद्ध काम करावं लागतं आणि तो विरोध गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्टमधून मागच्या चाकांवर येतो. अर्थात क्लच दाबला किंवा गाडी न्यूट्रलला गेली की हा ब्रेक नसल्यातच जमा. क्लचवर पाय टेकवून चालवण्याची सवय असलेल्या ड्रायव्हरला तो मध्येच सुटल्यासारखा वाटतो. दोष पायाचा किंवा चुकीच्या सेट केलेल्या क्लच स्विचचा असतो.

तो किती ओझं उचलतो, हे थोडं गणित केल्यावर कळतं. २८ टनांची भरलेली दहाचाकी ५०० मीटर उंची उतरते तेव्हा साधारण १३७ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात ३८ युनिट, ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिन, टायरचं घर्षण आणि वारा यांनी जिरवली नाही तेवढी सगळी उष्णता ड्रममध्ये जाते. ६ टक्के उतारावर ताशी २० किलोमीटरने ही ऊर्जा सुमारे ९० किलोवॅट वेगाने बाहेर पडते, ४० ला दुप्पट. ताशी २० ला, इंजिन वरच्या आरपीएमवर असेल तर, एक्झॉस्ट ब्रेक यातला मोठा वाटा पेलतो. ४० ला वरच्या गिअरमध्ये त्याचा वाटा घसरतो आणि उरलेलं सगळं लायनरच्या डोक्यावर येतं. गिअर चुकवून ‘ब्रेक बसवला तरी फरक नाही’ म्हणणाऱ्यांची तक्रार इथेच निकाली निघते.

भरलेली गाडी तोच घाट ज्या गिअरमध्ये चढते, त्याच किंवा एक खालच्या गिअरमध्ये उतरायचं. हा गिअर घाटमाथ्यावर, सपाटीला असतानाच टाकायचा. उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला गेलं आणि तो बसला नाही, तर गाडी न्यूट्रलला आणि एक्झॉस्ट ब्रेक गायब, दोन्ही एकाच क्षणी. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा लाल पट्ट्याच्या खाली ठेवणंही ड्रायव्हरच्याच हातात. उतारावर चाकं इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे डिझेल कमी करून फेरे आवरणारा गव्हर्नर तिथे काही करू शकत नाही. काटा लाल पट्ट्यात गेला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांची खैर नाही.

पायाचा ब्रेक लागतोच, पण तो हलका दाबून धरून ठेवायचा नाही. समजा ताशी २५ किलोमीटर हा सुरक्षित वेग ठरवला. वेगाचा काटा २५ वर आला की ठाम दाबून तीनेक सेकंदांत १७ पर्यंत आणायचं आणि पाय पूर्ण उचलायचा. मधल्या वेळात ड्रम थंडावतो आणि टाकीत हवा भरते. एक्झॉस्ट ब्रेकची खरी कमाई म्हणजे हा मधला वेळ लांबतो. सरळ उतारावरही पुन्हा पुन्हा पाय जात असेल, तर गिअर मोठा आहे. सुरक्षित जागी थांबून खालचा टाकावा.

‘डिझेल वाचवायला न्यूट्रल’ हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. गिअरमध्ये असताना एक्सलरेटर सोडला की इंजिनाला डिझेल जवळपास मिळतच नाही. न्यूट्रलला मात्र आयडलिंगसाठी ते जळत राहतं.

आता किनाऱ्याकडच्या हवेचे दोष. झडपेच्या दांड्याला काजळी धरते आणि पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की वर गंज चढतो. झडप उघडी अडकली तर घाटात कळतं, म्हणजे फार उशिरा. मिटलेली अडकली तर गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते, स्टार्टिंगलाही त्रास देते. दांड्याला ग्रीस किंवा इंजिन ऑइल घालू नये. ते जळून कडक होतं आणि दांडा आणखी घट्ट बसतो. उष्णता सोसणारं ग्रॅफाइटचं वंगण वापरावं आणि सपाटीलाही रोज थोडा वेळ हा ब्रेक लावावा, म्हणजे काजळी साचत नाही. सिलिंडरला हवा सोडणाऱ्या विजेच्या झडपेचा, म्हणजे सोलेनॉइडचा, कनेक्टर हिरवा पडला आहे का, तेही पाहावं. मीठ-दमट हवेत तो लवकर खराब होतो.

तपासणी क्लीनरलाही जमते. हवा ७ बारच्या वर, इंजिन बंद, चावी चालू. क्लीनर खाली पाहतो, ड्रायव्हर बटण दाबतो: सिलिंडरचा हात पूर्ण फिरून झटकन परत आला पाहिजे. अर्धवट फिरला किंवा रेंगाळला तर घाटाआधी मिस्त्रीकडे. काही मॉडेलमध्ये इंजिन चालू असल्याशिवाय तो हलत नाही. तेव्हा सपाटीवर दीड हजार आरपीएमला लावून आवाज दबतो का आणि गाडी ओढल्यासारखी मंदावते का, हे पाहावं.

पावसात रिकामी गाडी असेल तर बेतानं. सगळा रोध फक्त मागच्या चालत्या चाकांवर येतो. ओल्या पानांवर किंवा चिऱ्याच्या लाल चिखलावर ती घसरली तर बटण बंद करून पायाच्या ब्रेकने सावकाश उतरावं.

कोकणासाठी महागड्या पर्यायांची तुलना करायची तर, व्हॉल्व्ह उघडून दाब सोडणारा इंजिन ब्रेक याहून जोरदार आहे, पण तो इंजिनासोबतच येतो. नंतर बसवायचा विचार करू नये. गिअरबॉक्सच्या मागे बसणारा हायड्रॉलिक रिटार्डर लांब, मोकळ्या उतारावर उत्तम. पण करूळसारख्या वळणावळणाच्या घाटात १५-२० च्या वेगाने शाफ्टच मंद फिरतो, तिथे त्याचा जोर उतरतो.

किट कोणी घ्यावं? बीएस४ किंवा त्याआधीची गाडी, इंजिनाची कॉम्प्रेशन चांगली आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग धड असतील तर. इंजिन मॉडेलप्रमाणे झडपेचा आकार आणि दाबाची मर्यादा विक्रेत्याला सांगता आली पाहिजे. ‘सगळ्यांना बसतं’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ गाडीवर बाहेरचं किट नकोच. तिथे धूर शुद्ध करणारी सगळी यंत्रणा आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) या दाबाशी बांधलेले आहेत. कंपनीकडून येणारीच सोय घ्यावी.

आणि हे सगळं स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे चाकाच्या ब्रेकमधली ढिलाई काढणारे हात, सैल असतील तर व्यर्थ. थंड ड्रमवर, चाकांना दगड लावून आणि स्प्रिंग ब्रेक (हँडब्रेक) सोडून, त्या हाताला ढकलणारा पुशरॉड हाताने ओढून पाहावा. एक इंचाहून जास्त आला तर ते चाक फारसं काम करत नाही आणि त्याचा भार बाकीचे ड्रम वाहतात. ड्रम तापून फुगला की पुशरॉडला आणखी लांब जावं लागतं, मग सैल चाक पूर्णच हात वर करतं. पुढचे ब्रेक ‘गाडी एका बाजूला ओढते’ म्हणून मुद्दाम ढिले ठेवले जातात. दुरुस्ती ओढण्याची करावी, ब्रेकची नाही. हवेच्या टाकीतलं पाणी मात्र इथे रोज काढावं लागतं. घाट उतरल्यावर तापलेल्या ड्रमवर बादली ओतू नये, बीड तडकतं. खाली उतरून थांबायचं झालं तर हँडब्रेक न ओढता चाकांखाली दगड लावून ड्रम निवू द्यावेत.

आमचा कौल: पाचपैकी चार. एक गुण गंजणाऱ्या दांड्यासाठी कापला.